मोबाइल ब्रॉडबँड : लॅपटॉपवरील घरगुती इंटरनेट

घरात टेलिफोनची किंवा फायबरची तार न घेता, मोबाइल टॉवरवरून येणारी डेटासेवा सिमकार्डाच्या आधारे लॅपटॉपवर घेण्याची पद्धत. त्यासाठी यूएसबी खाचेत बसणारे डोंगल, खिशात मावणारा वायफाय राउटर, फोनचा हॉटस्पॉट किंवा फोन केबलने जोडून केलेले टेदरिंग, यांपैकी काहीही चालते. काही लॅपटॉपमध्ये सिमची खाच आतच असते, पण असे लॅपटॉप भारतातल्या घरांत क्वचितच दिसतात.

भारतात हा प्रकार दुय्यम सोय म्हणून नव्हे, तर बहुसंख्यांची एकमेव जोडणी म्हणून वाढला. २०२४ मध्ये देशात ब्रॉडबँडचे ९० कोटींहून अधिक ग्राहक होते आणि त्यांपैकी तारेवरचे जेमतेम ४ कोटी. वाडीवस्तीवर, भाड्याच्या खोलीत किंवा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात फायबर पोचलेले नसते, किंवा वर्षभरासाठी तार ओढून घेणे परवडत नाही. अशा ठिकाणी अर्ज भरणे, परीक्षेचा निकाल पाहणे, नोकरीची मुलाखत देणे ही सगळी कामे टॉवरच्या भरवशावर होतात.

सार्वजनिक इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून डायल करून घ्यावे लागे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला. २०१३ मध्ये तो ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाला. लॅपटॉपला लावायची डेटाकार्डे प्रथम सीडीएमए तंत्राच्या कंपन्यांनी घरोघरी नेली. रिलायन्स नेटकनेक्ट, टाटा फोटॉन, एमटीएस एमब्लेझ ही नावे त्या काळात शिकलेल्या पिढीला आजही आठवतील. त्यांचा जाहिरातीतला कमाल वेग ३.१ एमबीपीएस होता. जीएसएम या दुसऱ्या तंत्राच्या बाजूने महानगर टेलिफोन निगमने २००८ च्या अखेरीस दिल्लीत थ्रीजी सुरू केले आणि २०१० च्या लिलावानंतर खासगी कंपन्याही उतरल्या. मग आयडियाचे नेटसेटर आणि त्यासारखी डोंगले मोबाइलच्या दुकानांच्या काचेमागे टांगलेली दिसू लागली. फोरजी आले तेही आधी डोंगल आणि राउटरच्या रूपात. एअरटेलने २०१२ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात आणि त्याच वर्षी पुण्यात २३०० मेगाहर्ट्झवर सेवा सुरू केली, तेव्हा फोरजीचे फोन बाजारात फारसे नव्हतेच. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि चित्र पालटले. तोवर १ जीबीला २५० रुपयांच्या आसपास मोजणाऱ्या घराला रोजच्या रोज जीबीभर डेटा मिळू लागला. फोनचाच हॉटस्पॉट सुरू करणे सोपे ठरले आणि वेगळे डोंगल मागे पडले.

डोंगल म्हणजे सिम बसवलेला एक छोटा मोडेमच. जुन्या डोंगलच्या पोटात थोडी साठवणही असे. लॅपटॉपला लावताच ते आधी सीडीसारखे उघडे, स्वतःचे सॉफ्टवेअर बसवून घेई आणि मगच मोडेम म्हणून वागू लागे. जोडणीसाठी आत *९९# हा क्रमांक डायल होई, सीडीएमएला #७७७. कंपनीचा एपीएन (जोडणीबिंदूचे नाव) चुकीचा भरला असेल, तर रेंज पूर्ण असूनही नेट लागत नसे. नव्या डोंगलमध्ये हे राहिलेले नाही. ते लॅपटॉपला नेटवर्क कार्ड म्हणूनच दिसते आणि त्याची मांडणी ब्राउझरमधून करता येते.

घरात वेग किती मिळेल हे मात्र यंत्रापेक्षा जागेवर ठरते. पॅक विकताना ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून ती इथे विस्ताराने सांगायला हवी. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात. २३०० मेगाहर्ट्झ किंवा फाइव्हजीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त डेटा वाहून नेतात, पण सिमेंटच्या भिंतीपाशी आणि स्लॅबखाली थकतात. कोकण-गोव्यातल्या जाड जांभ्याच्या घरात माजघरात रेंज नसते आणि ओटीवर असते, ती यामुळेच. पत्र्याचे छत तर लहरी परतवूनच लावते. टॉवर ज्या दिशेला आहे त्या बाजूच्या खिडकीत डोंगल ठेवावे. लॅपटॉप तिथे नेणे शक्य नसेल, तर दोन-तीन मीटरची यूएसबी केबल लावून डोंगल तेवढे खिडकीपाशी न्यावे. फोनचा हॉटस्पॉट असेल तर फोन खिडकीत आणि लॅपटॉप आत, असेही चालते, कारण वायफायला घरातले अंतर सहज पेलते. हा उपाय फुकटचा आहे आणि महागड्या पॅकपेक्षा अनेकदा जास्त गुण देतो.

रेंजच्या दांड्यांवर विसंबू नये. त्या सिग्नलची ताकद सांगतात, स्वच्छता सांगत नाहीत. डोंगलच्या ब्राउझरमधल्या पानावर किंवा फोनच्या सेटिंगमध्ये डीबीएममध्ये आकडा मिळतो. तो उणे ८० च्या आसपास असेल तर जोडणी उत्तम, उणे ११० च्या खाली घसरला तर तुटक. आकडा चांगला असूनही संध्याकाळी सात ते अकरा नेट रेंगाळत असेल, तर दोष घरातला नाही. टॉवरच्या एका बाजूची क्षमता त्या टप्प्यातल्या सगळ्यांत वाटली जाते आणि त्या वेळी सारा गाव व्हिडिओ पाहत असतो. मोठी फाइल पहाटे उतरवणे हा खेड्यातल्या अनेक विद्यार्थ्यांनी स्वतः शोधलेला मार्ग आहे, आणि तो अगदी बरोबर आहे.

व्हिडिओ कॉल बिघडतो तो बहुधा आपल्या बाजूने. टॉवर बराच ताकदवान असतो, पण डोंगल किंवा फोन जास्तीत जास्त सुमारे पाव वॉट शक्तीने उत्तर देतो. त्यामुळे समोरचा माणूस आपल्याला नीट दिसतो आणि आपला चेहरा मात्र तिकडे गोठलेला असतो. मुलाखतीत असे झाले की उमेदवाराला वाटते आपलेच बोलणे चुकले. अशा वेळी कॅमेरा बंद करून आवाज तेवढा ठेवला, तर लागणारा डेटा कितीतरी कमी होतो आणि बोलणे टिकते.

पावसात रेंज जाते हा सार्वत्रिक अनुभव आहे, पण त्याचे कारण सहसा पाऊस नसतो. या लहरींना पावसाच्या थेंबांचा अडथळा फारच कमी होतो. वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, डिझेल वेळेवर पोचत नाही, आणि टॉवर बंद पडतो. लॅपटॉप चार्ज असून नेट नाही, ही पावसाळ्यातली स्थिती त्यातून येते.

डेटाचा हिशेब लॅपटॉपवर फोनपेक्षा वेगळा ठेवावा लागतो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर फोन आरामात चालतो, पण विंडोज पाठीमागे अपडेट उतरवू लागले की तेवढा डेटा दुपारपर्यंत संपतो. विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ ठरवले की मोठी अपडेट थांबतात. छायाचित्रे क्लाउडवर चढवणारे ॲपही बंद करावे. रोजचा कोटा संपल्यावर बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसपर्यंत उतरतो. त्यात मजकुराचे निरोप जातात, ऑनलाइन वर्ग भरत नाही.

आणखी एक मर्यादा तांत्रिक असली तरी घरगुती आहे. मोबाइल कंपन्या एक सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. त्यामुळे बाहेरून घरातल्या यंत्राकडे थेट येता येत नाही. शेतावरचा कॅमेरा गावातून पाहायचा असेल, तर त्या कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सेवा घ्यावी लागते. दुसरी अडचण सिमची. बँकेचा ओटीपी डोंगलमधल्या सिमवर येत असेल, तर तो डोंगलच्या पानावरच वाचावा लागतो. म्हणून डोंगलसाठी वेगळे सिम घेणे बरे.

या साऱ्याची खरी कसोटी २०२० च्या मार्चनंतर लागली. कोविडच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि तास लॅपटॉप-मोबाइलवर आले. कोकणात, सह्याद्रीच्या कुशीत, सातपुड्यात मुले रेंजसाठी टेकडीवर, झाडाखाली, एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली. एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर दोन भावंडांचे तास एकाच वेळी भरले, की एकाला मागे राहावे लागे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली होती, पुढे ती भारतनेट म्हणून ओळखली गेली. ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा राहून गेला त्याची किंमत या मुलांनी मोजली.

१ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्हजी सुरू झाले. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ यांनी एअरफायबर नावाने बिनतारी घरगुती सेवा आणली. जिओच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि पुणे होती. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसवलेला अँटेना टॉवरकडे तोंड करून असतो आणि घरात वायफाय राउटर. एका जागी राहणाऱ्या कुटुंबाला ही सोय डोंगलपेक्षा नक्कीच चांगली. सतत जागा बदलणाऱ्याला मात्र फोनचा हॉटस्पॉटच सोयीचा.

कपाटातले जुने डोंगल बाहेर काढण्याआधी ते कोणत्या तंत्राचे आहे ते पाहावे. सीडीएमए सेवा बंद झाल्या आहेत, खासगी कंपन्यांनी थ्रीजीही २०१९ पासून गुंडाळत आणले, आणि जिओकडे टूजी-थ्रीजी कधी नव्हतेच. नवे घेताना ते फोरजीचे आणि कोणत्याही कंपनीचे सिम चालणारे असावे. परदेशातून आणलेल्या डोंगलमध्ये भारतात वापरले जाणारे ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे आहेत का, ते खोक्यावर वाचून घ्यावे.