पुण्याचं पाणी कुठे उभं राहून मोजायचं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक वाक्य लिहिलं होतं : 'लोकसंख्या वाढल्यामुळे पुण्यात पाणीटंचाई निर्माण झाली.' माझ्या मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, 'कुणाला?' खरं सांगायचं तर तेव्हा मला राग आला होता. मी मूळची रसायनशास्त्राची. पाणी लिटरमध्ये मोजायचं, माणसांच्या संख्येने भागायचं, उत्तर कमी आलं की टंचाई, एवढं सरळ गणित माझ्या डोक्यात होतं. ते वाक्य पुढे प्रबंधातून गेलं. पेन्सिलीतला शब्द मात्र अजून माझ्या मागे आहे.

तुम्ही पाण्याच्या इतिहासावर काही करायचं ठरवत असाल, तर सुरुवात कात्रजपासून करा. १७५०च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, यंत्र नाही, फक्त उतार. तलावातला गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विटा-चुन्याच्या भुयारी नळात सोडायचं. नळ इतका मोठा की माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर पडण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी बांधलेली तोंडं. शेवटी हौद. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आज पत्ता सांगताना आपण सहज घेतो, पण एकेकाळी ती शहराच्या पाणीपुरवठ्याची टोकं होती.

आता या नकाशात एक जागा शोधा. पुढे नाना फडणवीसांनी दुसरा नळ आणला, तो सदाशिव पेठेतल्या हौदासाठी. पाणी कुठून आणलं? नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने. मी याच नऱ्ह्यात दीड वर्ष भाड्याच्या खोलीत राहिले आणि सोसायटीच्या गेटवर सकाळी टँकरची वाट पाहिली. हे दोन संदर्भ एकत्र यायला मला लाजिरवाणा उशीर लागला! ज्या गावाच्या पाण्यावर पेठ वाढली, ते गाव आज टँकरवर. पाऊस कमी झाला, असं काही त्याचं उत्तर नाही.

हौदांबद्दल आणखी एक गोष्ट. हौदाची लांबी, रुंदी, खोली मिळाली की आपण विज्ञानवाले खूश होतो; घनफळ काढता येतं. पण पाणी कोण भरू शकत होतं, हे घनफळात दिसत नाही. १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. त्या काळच्या पुण्यात शंभर वर्षं जुने नळ आणि भरलेले हौद होते, आणि तरीही घरचा एक हौद खुला करणं ही इतिहासात नोंदवावी अशी घटना ठरली. त्या लोकांसाठी टंचाई धरणात नव्हती, हौदाच्या काठावर होती. माझ्या 'निर्माण झाली' या क्रियापदाचा तिथेच निकाल लागला. टंचाई कधी निर्माण झाली, हे तुम्ही कुणाच्या घागरीकडे बघता त्यावर ठरतं.

याच सुमारास, म्हणजे १८६०च्या दशकाच्या अखेरीस, खडकवासल्याला मुठेवर दगडी धरण बांधायला सुरुवात झाली. ते १८७९मध्ये पुरं झालं. अभियंता होते फाइफ, त्यावरून जलाशयाला 'लेक फाइफ' म्हणत. आपण पुणेकर या धरणाला 'आपलं धरण' समजतो, पण ते बांधण्यामागचा मोठा हेतू पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याला सिंचन देण्याचा होता. मुठेचा उजवा कालवा शहराला वळसा घालून हडपसर, लोणी काळभोरवरून पार पाटसकडे जातो. पुणे शहर आणि छावण्या या कालव्यावरचे ग्राहक होते, मालक नव्हते. म्हणजे शहर विरुद्ध शेती हा आजच्या वर्तमानपत्रातला वाद नवा नाही. तो धरणाच्या पायातच आहे. फक्त तेव्हा शहर लहान होतं, म्हणून कुणाला टोचत नव्हतं.

मग १२ जुलै १९६१. बांधकाम चालू असलेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुणे बुडालं. याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी लांबवत नाही. एवढंच बघा की पूर ओसरल्यावर शहरापुढे उलटा प्रश्न उभा राहिला : धरणच नाही तर नळाला पाणी येणार कुठून? आदल्या शतकात मागे टाकलेल्या विहिरी आणि हौद लोकांना पुन्हा आठवले. जुनी व्यवस्था 'कालबाह्य' असं लिहिताना मी आता दोनदा विचार करते.

आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी साठा होतो. शहराला किती लागतं? इथे जरा वही-पेन घ्या. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. समजा लोकसंख्या ५० लाख, आणि सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटर. रोजचे झाले ६७.५ कोटी लिटर, वर्षाचे साधारण ८.७ टीएमसी. पण हे नळाच्या तोटीशी मोजलेलं पाणी. वाटेत ३० टक्के गळतं असं धरलं तर धरणातून १२.४ टीएमसी उचलावं लागेल. ४० टक्के धरलं तर १४.५. लोकसंख्या तीच, निकष तोच, आणि आकडा ८.७पासून १४.५पर्यंत कुठेही. धरणाशी उभा असलेला माणूस म्हणतो, शहर उधळपट्टी करतं. तोटीशी उभा असलेला म्हणतो, पुरत नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून कुठल्याही अहवालात पाण्याचा आकडा दिसला, की एकक बघण्याआधी मोजमापाची जागा बघा. ती लिहिलेली नसेल, तर आकडा पाठ करून उपयोग नाही.

आणि भाजक? तो तर आणखी निसरडा. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं महापालिकेत आली. आंबेगाव पहिल्या यादीत, नऱ्हे दुसऱ्या. गंमत म्हणजे दुसऱ्या यादीत खुद्द खडकवासला गावही आहे. म्हणजे शहराची लोकसंख्या एका आदेशाने वाढली. ती माणसं आदल्या दिवशीही तिथेच राहत होती आणि पाणी पीतच होती, फक्त दुसऱ्या हिशेबात. 'लोकसंख्या वाढल्यामुळे' असं लिहिताना वाढ माणसांची की हद्दीची, हे मी पाहिलंच नव्हतं.

गळतीबद्दलही माझं मत बदललंय. कालव्याच्या जागी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा करायचा प्रस्ताव आहे. पाणी झिरपून आणि वाफ होऊन जातं ते वाचेल, हा त्यामागचा हिशेब. वाफेचं ठीक. पण झिरपलेलं पाणी नाहीसं होत नाही, कालव्याकाठच्या विहिरींना ते मिळतं. एका नोंदवहीत ते 'तूट' म्हणून लिहिलं जातं आणि दुसरीकडे कुणाचा तरी ऊस त्यावर उभा असतो. या विहिरींची पाणीपातळी मी सध्या दर पंधरा दिवसांनी मोजते आहे. कालव्याचं आवर्तन चालू असताना आणि बंद असताना, अशा दोन्ही वेळच्या नोंदी हव्यात, त्यामुळे उन्हाळाभर दौंडच्या एसटीत बसणं आलं. परवा एका विहिरीवर टेप सोडत होते तेव्हा मालक आजी काठावर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मोज बाई, पण त्या वहीत आमचं नाव पण लिही."