जात्यावरील ओवीचे जतन व अध्यापन : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९) या ग्रंथात आढळतो. पुढे परंपरेने अंबाजोगाईशी जोडल्या गेलेल्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’साठी ओवी छंदच स्वीकारला. ग्रंथात उतरलेली ओवी हस्तलिखितांतून टिकली; श्रमाबरोबर गायिली जाणारी स्त्रियांची ओवी मात्र केवळ स्मरणावर विसंबून राहिली. या दुसऱ्या ओवीच्या जतनाचा आणि अध्यापनाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकलनाची वाटचाल

साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्यांचे संकलन केले. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून हे कार्य विस्तारले. मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकर यांनी स्त्रीगीतांचा संग्रह केला. हे कार्य मोलाचे असले तरी त्यातून प्रामुख्याने शब्दच हाती आले.

गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालविलेल्या प्रकल्पाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गायिकेच्या व गावाच्या नोंदीसह संकलित झाल्या, आणि त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे ध्वनिमुद्रण झाले. तेथील ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या आहेत. जात्यावरील गाणे केवळ माहेर-सासरपुरते नव्हते, आपल्या काळाचा इतिहासही स्त्रिया त्यात गुंफीत होत्या, हे त्यावरून स्पष्ट होते. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने या ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत.

अध्यापनाचा प्रश्न

पिठाच्या गिरणीने स्त्रीचे कष्ट हलके केले. त्याविषयी खेद मानण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर ओवी शिकण्याची जागाही गेली. मुलगी आईसमोर बसून खुंटा धरीत असे. एकीने ओवी उचलावी, दुसरीने साथ द्यावी, हीच तिची शाळा होती. छापील ओवी दोन ओळींची दिसते. गाताना मात्र शब्दांची पुनरावृत्ती होते, मध्ये ‘गं बाई’ येते आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर श्वास लांबतो. हे कागदावर येत नाही. म्हणून लोकसाहित्याच्या तासाला केवळ संहिता वाचून ओवी शिकविली, असे म्हणता येणार नाही.

समारोप

चौसाळ्यासारख्या गावातील महाविद्यालयास यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. माजलगावचे ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवावे. नंतर विद्यार्थ्यांनी आपल्या आजीचे गाणे तिच्या संमतीने मुद्रित करावे. तिचे नाव, गाव आणि गाण्याचा प्रसंग नोंदवावा. लग्नघरी हळद दळताना जात्याची पूजा आजही होते. तो प्रसंग साधावा. जुन्या संग्रहांत ओवी अनेकदा निनावी राहिली. ती रचणारी व गाणारी स्त्री इतिहासात नावानिशी यावी, ही जबाबदारी आता आपली आहे. जाते ज्यांनी प्रत्यक्ष ओढले, त्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. संग्रह पुढेही अभ्यासता येईल. त्यांना विचारण्याची संधी मात्र फार काळ राहणार नाही.