टिटवाळ्याची एक सभा आणि गोदूताई (थ्रेड)

१/ कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड, आंबिवली मागे टाकून टिटवाळ्याला पोहोचते. आपल्यापैकी बहुतेकांनी हे स्थानक ओळखले ते महागणपतीमुळे. परंतु याच गावी जानेवारी १९४५ मध्ये भरलेल्या एका परिषदेने ठाणे जिल्ह्याचा इतिहास बदलला. आजचा थ्रेड त्या परिषदेचा आणि गोदावरी परुळेकर यांचा.

२/ गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील नामांकित वकील, घर सुखवस्तू. कायद्याची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही मराठी स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढचा मार्ग सरळ होता: वकिली, प्रतिष्ठा, पुण्यातले स्थिर आयुष्य.

३/ तो मार्ग त्यांनी नाकारला. १९३२ मध्ये सत्याग्रहात शिक्षा झाली, ती वडिलांना रुचली नाही. गोदावरी घर सोडून मुंबईस आल्या. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. साक्षरता मोहीम, घरकामगार स्त्रियांची संघटना अशी कामे त्यांनी उभी केली. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी विवाह झाला आणि त्याच सुमारास दोघे कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले.

४/ आता टिटवाळा. महाराष्ट्र किसान सभेची ही परिषद. तिला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. त्यांच्यातील माह्या धांगडा व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या लोकांची स्थिती सांगितली. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या श्रोत्यांनाही ती ठाऊक नव्हती.

५/ ती स्थिती काय होती? जमीनदाराच्या शेतावर मोबदल्याविना राबणे म्हणजे वेठ. लग्नासाठी चार पैसे कर्ज घेतले की नवरा सावकाराचा बांधील होई आणि त्याची बायकोही त्याच घरी राबे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेबाची वही सावकाराकडे आणि अक्षरओळखही त्यालाच.

६/ परुळेकर दांपत्य उंबरगावच्या जंगलपट्टीत गेले. मे १९४५ मध्ये झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि हजारो माणसे जमली. ठराव साधे होते: वेठ करायची नाही, रोज १२ आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही. पुढच्या काही आठवड्यांत लग्नगडी मुक्त होऊ लागले.

७/ त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये एक अफवा पसरवण्यात आली की तलवाड्यात गोदूताईंच्या जिवाला धोका आहे. त्यांना वाचवण्यासाठी हजारो वारली रातोरात तेथे जमले. गोदूताई तेथे नव्हत्याच. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले.

८/ येथे क्षणभर थांबू. ज्या माणसांना काल जमीनदारासमोर मान वर करता येत नव्हती, ती एका बाईच्या रक्षणासाठी बंदुकीपुढे उभी राहिली. परंतु त्या विश्वासाचाच सापळा करण्यात आला होता. नेतृत्वावरील प्रेमाची किंमत अनुयायांना मोजावी लागते, हे या घटनेचे कटू सत्य आहे. गोदूताईंचे चरित्र सांगताना ते वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

९/ यानंतर जिल्हाबंदी, भूमिगत जीवन, तुरुंग. १९६५ मध्ये स्थानबद्धतेत असतानाच शामरावांचे निधन झाले. गोदूताई तेव्हा अठ्ठावन्नच्या घरात होत्या. कोणीही म्हटले असते, आता पुरे.

१०/ त्या थांबल्या नाहीत. साठी ओलांडल्यावर, १९७० मध्ये, 'जेव्हा माणूस जागा होतो' प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ऐंशीच्या उंबरठ्यावर, १९८६ मध्ये, त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

११/ पुस्तकाच्या नावाकडे पुन्हा पाहा. त्यात 'मी' नाही. जागा होणारा माणूस वारली आहे, लेखिका त्याची साक्षीदार. पुण्याची सुशिक्षित स्त्री जंगलात गेली आणि तिने आदिवासींचा उद्धार केला, अशी सोपी कथा आपल्याला आवडते. पण टिटवाळ्यात आधी बोलले ते माह्या धांगडा. गोदूताईंनी ऐकले आणि मग पुढची पन्नास वर्षे त्या माणसांची साथ सोडली नाही. माझ्या मते, घर सोडण्याहून अवघड धाडस हेच होते.

१२/ १९६० मध्ये उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला. २०१४ मध्ये तलासरी, डहाणू नव्या पालघर जिल्ह्यात आले. नकाशा बदलला तसा हा इतिहास ठाणे-कल्याणच्या स्मृतीतून 'तिकडचा' होऊन गेला. वस्तुतः त्याची ठिणगी आपल्याच लोकलच्या मार्गावर पडली होती. पुढच्या वेळी टिटवाळा स्थानक आले की गणपतीबरोबर माह्या धांगडा आणि गोदूताईंचेही स्मरण करा.

(समाप्त)