दिल्लीचे ९.७९ आणि लंबकांचा इतिहास

पदवीच्या प्रयोगशाळेत लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढताना दिल्लीतील विद्यार्थ्याचे उत्तर ९.७९ आले, तर तो निमूटपणे ०.२ टक्के त्रुटी नोंदवतो. कारण पुस्तकात ९.८१ छापलेले असते. काही जण तर निरीक्षणेच मागाहून ‘जुळवून’ घेतात. वस्तुतः ९.८१ हे लंडनसारख्या अक्षांशाचे मूल्य होय. दिल्लीत ते सुमारे ९.७९१, तर मुंबईत ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग भरते.

पहाडगंजच्या बाजूने नवी दिल्ली स्थानकात शिरून डेहराडूनची शताब्दी धरली, की ती मुझफ्फरनगरवरून जाते. त्या परिसरातील कलियाना हे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे ठाणे. तेथून सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंतचे अक्षांशांतर जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या सर्वेक्षणात ताऱ्यांवरून आणि जमिनीवरील त्रिकोणांवरून, असे दोन रीतींनी काढले गेले. दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक पडला. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, हे उघड होते. परंतु कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी पर्वताच्या वस्तुमानावरून गणित मांडले, तेव्हा फरक १५.८८५ विकला यावयास हवा होता. पर्वत जणू पोकळ ठरला! १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचविले, की पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असावे.

ओळंबा केवळ दिशा सांगतो. ओढ किती, हे लंबक सांगतो. म्हणून १८६५ पासून कॅप्टन जेम्स बसेव्ही पितळी लंबक घेऊन ठाण्याठाण्यांवर हिंडले. हवा काढलेल्या पात्रात लंबक झुलवावयाचा आणि त्याची गती घड्याळाशी ताडून पाहावयाची, हे काम चिकाटीचे होते. ही पद्धत हेन्री केटर यांची. ते तरुणपणी लॅम्बटन यांच्या सर्वेक्षणात भारतातच होते. प्रकृती ढासळल्याने परतले आणि १८१७ च्या सुमारास त्यांनी आपला उलटसुलट टांगता येणारा लंबक सिद्ध केला. आजही प्रयोगवहीत त्यांचे नाव असते, त्यांची भारतातील वर्षे मात्र नसतात. बसेव्ही परतलेच नाहीत. १८७१ च्या जुलैमध्ये, लडाखच्या १५,००० फुटांहून उंच पठारावर मोजणी केल्यानंतर, तिकडेच त्यांचा मृत्यू झाला. उरलेले काम कॅप्टन हेव्हिसाइड यांनी पुरे केले. कुलाब्याचे ठाणेही त्यांत होते. हिमालयाजवळ गुरुत्व अपेक्षेहून उणे, समुद्रकाठी अधिक असे निष्पन्न झाले. एअरींच्या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले.

दिल्ली-मुंबईतील ०.००५ चा फरक आपल्या साध्या लंबकाने दिसेल काय? एक मीटर दोऱ्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरने चुकली, तरी तो संपूर्ण बुडतो. स्टॉपवॉचवर हात ०.२ सेकंद चुकतो असे धरले, तर निदान ४०० आंदोलने मोजावी लागतील. केटर यांनी ही अडचण टाळली होती: घड्याळाच्या लंबकासमोर आपला लंबक टांगून दोहोंची चाल पुन्हा केव्हा जुळते, एवढेच ते टिपत.