फ्लेमिश भाषा : एका नांवाची कथा

युरोपच्या वायव्य किनाऱ्यावर, फ्रान्स व हॉलंड यांच्या मध्यें, बेल्जम नांवाचें एक लहान राष्ट्र आहे. त्याच्या उत्तर भागांतील साठ लाखांहून अधिक लोकांना जग ‘फ्लेमिश’ म्हणून ओळखतें आणि त्यांच्या भाषेलाही तेंच नांव देतें. परंतु त्या देशाची राज्यघटना उघडून पाहिली, तर तींत फ्लेमिश नांवाची भाषाच आढळत नाहीं ! तेथें भाषिक प्रदेश सांगितले आहेत ते डच, फ्रेंच व जर्मन या भाषांचे, आणि राजधानी ब्रुसेल्सचा द्वैभाषिक. ज्या भाषेच्या मानासाठीं या लोकांनीं शंभर वर्षें झगडा केला, तिचें रूढ नांव त्यांनींच कायद्यांतून कां वगळावें ? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें, तर सातशें वर्षें मागें जावें लागतें.

मध्ययुगांत फ्लँडर्स हें एका काउंटच्या सत्तेखालील संस्थान होतें. ब्रूज, गेंट व ईप्र हीं त्यांतील वैभवशाली नगरें. इंग्लंडची लोंकर तेथें येई आणि तिचें उंची कापड होऊन तें युरोपभर जाई. ‘फ्लेमिश’ म्हणजे या संस्थानाचा, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. शेजारच्या ब्राबांट संस्थानांतील अँटवर्पचा किंवा ब्रुसेल्सचा माणूस स्वतःस फ्लेमिश म्हणवीत नसे. प्रांतोप्रांतीं बोली भिन्न होत्या. तथापि लॅटिन व फ्रेंच यांहून निराळी अशी जी सामान्य जनांची भाषा, तिला ‘दीत्स’ म्हणत. ‘दीत’ म्हणजे लोक. अर्थात् ‘दीत्स’ म्हणजे लोकभाषा. इंग्रजींतील ‘डच’ हा शब्द याच कुळांतला होय.

तेराव्या शतकांतील थोर कवि याकोब व्हान मार्लंट हा फ्लँडर्सचा रहिवासी. संत फ्रान्सिसच्या पद्यचरित्रांत तो वाचकांची मोठ्या नम्रतेनें क्षमा मागतो : आपण पडलों फ्लेमिश, तेव्हां या दीत्स ग्रंथांत एखादा शब्द अपरिचित वाटल्यास वाचकांनीं सांभाळून घ्यावें. माणूस फ्लेमिश, पण ग्रंथाची भाषा दीत्स, हा भेद त्याच्या मनांत किती स्पष्ट होता हें येथें दिसून येतें.

पुढें हे सर्व प्रांत प्रथम बर्गंडीच्या व नंतर हॅब्सबर्ग घराण्याच्या अंमलाखालीं आले. फ्लँडर्सची कीर्ति एवढी मोठी, कीं स्पॅनिश व इटालियन लोक या साऱ्याच मुलुखांतील रहिवाशांना, अगदीं हॉलंडच्या माणसालाही, फ्लेमिश म्हणूं लागले. परंतु हें परक्यांनीं दिलेलें नांव झालें. ब्रूज येथें १५४८ सालीं जन्मलेला गणितज्ञ सिमोन स्टेव्हिन यानें १५८६ सालीं आपल्या स्थितिशास्त्रावरील ग्रंथास आपल्या भाषेच्या योग्यतेविषयीं एक प्रस्ताव जोडला; त्यांत त्यानें तिला फ्लेमिश न म्हणतां ‘डाउत्स’ हें जुन्या कुळांतलेंच नांव दिलें. शास्त्र लॅटिनवांचून सांगतां येतें, हें त्यानें कृतीनें सिद्ध केलें. डच भाषेंत गणिताला आज ‘विस्कुंडे’ म्हणतात, तो शब्द त्यानें योजलेल्या ‘विस्कोन्स्ट’ या शब्दावरूनच आला आहे.

याच सुमारास दैव फिरलें. स्पेनविरुद्धच्या बंडांत १५८५ सालीं अँटवर्प पडलें आणि व्यापारी, मुद्रक व पंडित यांचे तांडेच्या तांडे उत्तरेस निघून गेले. उत्तरेंत स्वतंत्र प्रजासत्ताक उभें राहिलें. तेथें १६३७ सालीं सरकारी आज्ञेनें बायबलचें भाषांतर प्रसिद्ध झालें आणि प्रमाणभाषेला स्थैर्य लाभलें. दक्षिणेंत मात्र दरबार व प्रतिष्ठित घराणीं यांची भाषा फ्रेंच झाली. लोकभाषा उरली ती शेतांत, बाजारांत आणि स्वयंपाकघरांत. दोन भागांचे मार्ग असे भिन्न झाल्यावर ‘फ्लेमिश’ हें नांव हळूहळू ब्राबांट व लिंबुर्ख यांसह साऱ्या दक्षिणेच्या बोलींना चिकटलें.

१८३० सालीं बेल्जम स्वतंत्र झाला, आणि बहुसंख्य प्रजा दुसरी भाषा बोलत असतांही राज्यकारभार, न्यायालयें, उच्च शिक्षण हीं सर्व फ्रेंचमध्यें चालूं लागलीं. न्यायाधीश काय बोलतो हें आरोपीस कळूं नये, अशी स्थिति झाली. या अन्यायाचें समर्थन करणारांना ‘फ्लेमिश’ हें नांव आयतेंच उपयोगी पडलें. ही भाषाच नव्हे, खेडवळ बोलींचें कडबोळें आहे. हिला व्याकरण कोठलें, वाङ्मय कोठलें, असा त्यांचा युक्तिवाद असे.

त्यास उत्तर देण्यास यान फ्रान्स विलेम्स (१७९३–१८४६) हा विद्वान् पुढें आला. उत्तरेची व दक्षिणेची भाषा एकच, हें त्याचें मुख्य प्रतिपादन. १८३८ सालीं हेंड्रिक कॉन्शन्स यानें १३०२ च्या रणसंग्रामावर कादंबरी लिहून लोकांचा स्वाभिमान जागा केला. १८४९ सालीं गेंट येथें दोन्ही देशांतील पंडितांची परिषद भरली. तेथूनच महाकोशाची कल्पना निघाली. त्याचा पहिला भाग १८६४ त निघाला, आणि शेवटचा १९९८ त ! उत्तरेंत तयार झालेली लेखनपद्धतिही बेल्जमनें १८६४ सालींच स्वीकारली.

परंतु हें सर्वांस रुचलें असें नाहीं. पश्चिम फ्लँडर्समधील कांहीं कॅथॉलिक धर्मगुरूंना प्रॉटेस्टंट हॉलंडची भाषा परकी वाटे. त्यांतील गीदो गेझेले (१८३०–१८९९) यानें आपल्या प्रांतींच्या बोलींतून रस घेऊन अशी कविता लिहिली, कीं आज ती साऱ्या डच वाङ्मयाचें भूषण मानली जाते. घरच्या बोलीची ऊब राखावी, कीं मोठ्या भाषेचें बळ घ्यावें, हा पेंच खरा होता. त्यांत कोणताही पक्ष मूर्ख नव्हता.

अखेर बळाची निवड झाली. १८७३ सालच्या फौजदारी न्यायालयांसंबंधींच्या कायद्यांत ‘फ्लेमिश’ हाच शब्द आहे. १८९८ सालीं कायद्यांच्या प्रसिद्धीपुरती दोन्ही भाषांना समान प्रतिष्ठा मिळाली. १९३० सालीं गेंटचें विद्यापीठ संपूर्ण डच झालें. १९६७ पर्यंत राज्यघटनेच्या डच संहितेला मात्र अधिकृतपणा नव्हता. तो मिळाल्यावर १९७३ च्या डिसेंबरांत तेथील डच सांस्कृतिक परिषदेनें ठरविलें, कीं या भाषेचें अधिकृत नांव ‘नेदरलँड्स’, म्हणजेच डच. हॉलंडच्या भाषेहून आपली भाषा कमी नाहीं, एवढेंच त्यांना म्हणावयाचें होतें.

या झगड्याचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत आला आहे. पश्चिम फ्लँडर्समध्यें १९०९ सालीं जन्मलेले फादर कामिल बुल्के विद्यार्थिदशेंत या भाषाचळवळींत होते. पुढें येथें येऊन सुशिक्षित लोक स्वभाषेविषयीं उदासीन आहेत, हें पाहून त्यांना आपल्या मायदेशाची आठवण झाली. आणि त्यांनीं रामकथेवरील आपला प्रबंध हिंदींत लिहिला.

मग फ्लेमिश हें नांव नाहींसें झालें काय ? मुळींच नाहीं. फ्रान्सच्या सरहद्दीवर डंकर्कच्या आसपास वृद्ध माणसें जी बोली बोलतात, तिला तें आजही यथार्थ शोभतें. आणि बेल्जममध्यें घरोघरीं, स्नेह्यांत, ज्या ढंगानें डच बोलतात, त्याला प्रेमानें फ्लेमिशच म्हणतात. कचेरींत एक नांव आणि चुलीपाशीं दुसरें. हिणविण्यासाठीं जें नांव वापरलें गेलें, तें आतां जिव्हाळ्याचें झालें आहे. कारण तें उच्चारणाऱ्याची मान आतां ताठ आहे.