कातळातून मोकळे केलेले चर्च

आर्मेनियातील आझात नदीच्या दरीत वसलेल्या गेघार्द मठाचे मुख्य चर्च १२१५ मध्ये घडीव दगडांत उभे राहिले. परंतु या मठाचे खरे वैभव त्यामागच्या कड्यात आहे, कारण तेराव्या शतकातील पाथरवटांनी तेथे दगडावर दगड न रचता अखंड कातळ पोखरून खांब, कमानी आणि घुमट मोकळे केले, आणि घुमटाच्या माथ्यावरील झरोक्यातून तेवढा उजेड आत घेतला. प्रोश्यान या सरदार घराण्याच्या दफनकक्षात कमानींच्या वर पशूचे एक मस्तक कोरलेले असून त्याच्या जबड्यातील साखळी दोन सिंहांच्या गळ्यांभोवती आवळलेली आहे. सिंहांच्या शेपट्यांना सर्पमुखे आहेत, आणि मधोमध अर्धवट पंख पसरलेल्या गरुडाने पंजांत कोकरू धरले आहे. धर्मकथेतील कोणताही प्रसंग येथे नाही. हे घराण्याचे मानचिन्हच असावे. १२८८ मध्ये याच्या वरच्या बाजूस कोरलेल्या दालनाच्या जमिनीला एक भोक असून त्यातून खालचा दफनकक्ष दिसतो. बाहेरच्या कड्यावर ‘खाचकार’ कोरले आहेत; ‘खाच’ म्हणजे क्रूस आणि ‘कार’ म्हणजे दगड, आणि या क्रूसशिळांवरील जाळीदार वेलबुट्टी इतकी नाजूक आहे की ती छिन्नीपेक्षा सुईची करामत वाटावी.