पागडी, अनामत आणि पावती

पालघरहून बोईसरकडे निघालेल्या मनुष्यास वाटेत कोळगाव लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, आणि २०२१ साली त्याचे मुख्यालय कोळगाव येथे सिडकोने उभारलेल्या इमारतींत गेले. एका अंगास ह्या कचेऱ्या, तर दुसऱ्या अंगास बोईसर-तारापूरचे कारखाने. बदलून आलेला कारकून असो की पोटासाठी परप्रांतांतून आलेला कामगार असो, प्रत्येकास प्रथम बिऱ्हाड शोधावे लागते. जागा पाहावयास गेले म्हणजे 'भाडे किती' हा प्रश्न मागाहून येतो. 'डिपॉझिट किती' हा आधी येतो. त्यावर दलालाची दलाली असतेच. राहण्याचा मोबदला म्हणजे भाडे, हे सरळ आहे. परंतु राहावयास येण्यापूर्वीच उंबरठ्यावर जो पैसा मोजावा लागतो, तो कशाचा मोबदला? ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते वाटते तितके साधे नाही.

ह्याच मुलखात मालक आणि कूळ हे नाते घरापेक्षा जमिनीचे म्हणून अधिक जुने. वारली कूळ सावकाराची जमीन कसावयास घेई आणि खंड भाताच्या रूपाने घाली. पण खंड घातला म्हणजे देणे फिटले असे नव्हे. मालकाच्या शेतावर राबणे, त्याचे गवत कापणे, त्याच्या घरची पडतील ती कामे करणे, ही वेठ खंडाच्या जोडीला असेच. आदिवासींच्या स्थितीविषयी सरकारी अधिकारी सायमिंग्टन ह्यांचा जो अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ह्या वेठीची हकीकत नमूद आहे. पुढे १९४५ च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. त्या लढ्याची कथा गोदावरी परुळेकर ह्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या ग्रंथात सांगितली आहे. १९४८ च्या कूळकायद्याने खंडाव्यतिरिक्त कोणताही हक्क वा सेवा कुळाकडून घेण्यास मनाई केली आणि मिळालेल्या खंडाची पावती देणे मालकावर बंधनकारक केले. ह्या दोन तरतुदी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. ठरलेल्या देण्याबाहेर जे मागितले जाते त्याची नोंद कधी होत नाही, आणि ज्याची नोंद होत नाही त्यास मर्यादाही राहत नाही, हे सत्य त्या दोहोंच्या मुळाशी आहे.

जमिनीच्या बाबतीत जे खेड्यात घडले, तेच घराच्या बाबतीत मुंबईत निराळ्या वेषाने घडले. पहिल्या महायुद्धाच्या काळी मुंबईत माणसे वाढली, घरे वाढली नाहीत, आणि भाडी भडकली. तेव्हा १९१८ साली सरकारने कायदा करून लहान जागांची भाडी १ जानेवारी १९१६ च्या दराशी बांधून टाकली. तो कायदा कालांतराने लोपला. परंतु दुसरे महायुद्ध येताच १९३९ व १९४४ साली नवे निर्बंध आले, आणि अखेर १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या जागेस जे भाडे होते, तेच सामान्यतः तिचे प्रमाणभाडे ठरले. भाडेकरूस मनास येईल तेव्हा बाहेर काढता येईनासे झाले. प्रत्येक भाड्याची पावती देणे मालकास सक्तीचे झाले. भाड्याखेरीज नजराणा वा तत्सम रक्कम घेणे हा गुन्हा ठरला.

कायद्याचा हेतू उत्तम होता. परंतु ज्या खोलीचे भाडे दहा रुपयांवर गोठले तिची बाजारातील किंमत काही गोठली नाही. ती किंमत दारातून आत येईना, तेव्हा ती खिडकीतून आली. तिचे नाव पागडी. पागडी म्हणजे वस्तुतः डोईचा मान; मानाच्या ह्या नावाखाली नवा भाडेकरू मालकास एकरकमी पैसा देई आणि मग नाममात्र भाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राही. तो जागा सोडू लागला म्हणजे त्याच्या जागी येणाऱ्याकडून तोच पागडी घेई आणि तीतील ठरलेला हिस्सा मालकास देऊन भाडेपावती नव्या माणसाच्या नावे करून घेई. अशा रीतीने भाडेकरू अर्धामुर्धा मालक झाला आणि मालक अर्धामुर्धा दलाल.

ह्यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. दहा रुपयांच्या भाड्यास कायद्याने पावती दिली. हजारोंच्या पागडीस मात्र पावती देणेच अशक्य झाले, कारण पावती देणे म्हणजे गुन्ह्याचा पुरावा स्वहस्ते लिहून देणे. संसाराची सारी पुंजी, प्रसंगी घरातील दागिने मोडून, ज्याने पागडी भरली, त्याच्या हाती कागद काय? तर दहा रुपयांची पावती! पुढे मालकाने भाडे घेण्याचे नाकारले तर मनीऑर्डरने ते धाडावयाचे आणि परत आलेल्या मनीऑर्डरींची कागदपत्रे जिवापाड जपावयाची, ही मुंबईकर भाडेकरूची रीत ह्यातूनच पडली. ते कागद म्हणजे त्याच्या डोक्यावरील छपराचे खांबच होते.

मालकाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. १९४० च्या भाड्यात इमारतीची डागडुजी कोठून व्हावी? चाळी खचू लागल्या, आणि १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीकरिता स्वतंत्र मंडळ स्थापण्याचा कायदा करावा लागला. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही ह्या भीतीने मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'चा मार्ग काढला. त्यावर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानेदारांनाही कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुन्या दरास खिळून राहिलेल्या ह्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने भाड्यात दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली, पागडी व अनामत घेणे कायदेशीर केले, करार लेखी व नोंदणीकृत असावा असे सांगून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली, आणि पावतीची सक्ती कायम ठेवली. जी गोष्ट अर्धशतक अंधारात चालली होती तिला उजेडात येण्यास वाट मिळाली.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. जपानात घरमालकास 'रेइकिन' म्हणजे आभारादाखल रक्कम देण्याची चाल आहे. ती परत मिळत नाही. इंग्लंडात घरासाठी अर्ज करणाऱ्याकडून अर्जाची, चौकशीची, कागदपत्रांची अशा नाना नावांनी फी घेतली जाई. तेथे १ जून २०१९ पासून कायद्याने अशा बहुतेक फिया बंद केल्या आणि सामान्य घरांच्या अनामतीस पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ साली नमुना भाडेकरार कायदा मंजूर करून राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी कमाल अनामत सुचविली. मात्र हा नमुना राज्यांनी स्वीकारावा तेव्हाच लागू व्हावयाचा.

मर्यादा असावी हे आम्हांसही मान्य आहे. परंतु वरील इतिहासाने आम्हांस एक सावधगिरी शिकविली आहे. केवळ आकडा बांधल्याने देणे नाहीसे होत नाही. ते नाव पालटते. वेठ, पागडी, डिपॉझिट ही नावे निरनिराळी असतील. गरजू मनुष्य दाराशी उभा आहे आणि दार दुसऱ्याच्या हाती आहे, ही स्थिती तीच. अनामत ही गोष्ट मूळची वाईटही नव्हे. थकलेले भाडे आणि मोडतोड ह्यांचा तो योग्य तारण आहे. वाईट आहे ती पावतीवाचून दिलेली अनामत. कारण परत मिळावयाचा पैसा लिहून न ठेवणे म्हणजे तो न मिळण्याची निम्मी तयारीच करणे होय.

आज कोळगाव-बोईसरच्या भाडेकरूस एक सोय अशी लाभली आहे, जी चाळकऱ्यास नव्हती. भाडे आता मोबाइलवरून क्षणात जाते आणि त्याची नोंद आपोआप राहते. तरीही पुष्कळदा भाडे तेवढे त्या वाटेने जाते आणि मोठी रक्कम रोखीने हातोहात दिली जाते. म्हणजे मुंबईची जुनीच चूक नव्या यंत्राशेजारी बसून चालू आहे. नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी बिऱ्हाड करणाऱ्या कुटुंबांनी आणि त्यांस जागा देणाऱ्या मालकांनीही एवढे एक ठरवावे, की उंबरठ्यावर जे देणे-घेणे होईल ते करारात लिहिले जाईल. वारल्यांच्या वाडवडिलांस जी पावती मिळविण्यास लढावे लागले आणि चाळकऱ्याने जी जन्मभर पेटीत जपली, ती आज मागितल्यास सहज मिळण्याजोगी आहे. ती मागण्यास मात्र आपण लाजू नये.